त्यात माफ करण्यासारखं काय आहे?

परीक्षा आली हे नागपूरच्या आमच्या महाल भागात सगळ्यात आधी झेरॉक्सच्या दुकानावर कळतं. फेब्रुवारी सरता सरता तिथे मुलींची गर्दी व्हायला लागते. कोणाच्या हातात हॉल तिकीट, कोणाच्या हातात मैत्रिणीची वही, आणि दुकानदार 'एकेक करून या' असं म्हणत स्वतःच तिघींचे कागद एकदम घेत असतो. मला निवृत्त होऊन दोन वर्षं होत आली, तरी त्या गर्दीपाशी पाय अडतातच. परवा तिथे एका मुलीने बाटली उघडून शेजारणीपुढे केली. शेजारीण म्हणाली, "रोजा आहे ना वं माझा." पहिलीने स्वतःही पाणी न पिता बाटलीचं झाकण लावून टाकलं. एवढंच झालं. पण मी कोथिंबीर घ्यायला निघाले होते, ती तशीच घरी परत आले आणि खुर्चीत बसून राहिले.

यंदा बोर्डाची परीक्षा आणि रमजान एकत्र आलेत. नफीसा असती तर पेपरांचे गठ्ठे मोजता मोजता तिने मला घड्याळ दाखवलं असतं, अजून किती तास उरले ते सांगायला. ती तक्रार म्हणून तसं करत नसे, तिला मोजायची सवयच होती. गणिताची बाई ती. मी मराठीची. अठ्ठावीस वर्षं आम्ही एका शाळेत, एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसलो.

तिने माझ्याकडे दोन शब्द मागितले होते आणि मी ते दिले नाहीत. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना माझ्याविषयी कोणाचा चांगला ग्रह होऊन बसायला नको.

आम्ही दोघी मागाच्या घरच्या. माझे बाबा कोष्टी, नऊवारी विणायचे. तिचे अब्बा मोमिनपुऱ्यात लुंग्या आणि चादरी विणायचे. दोघांचे माग चार-दोन वर्षांच्या अंतराने बंद पडले आणि दोघांनीही मुलींना शिकवलं, कारण दुसरं द्यायला घरात काही उरलं नव्हतं. स्टाफरूममध्ये कोणी नवी साडी नेसून आली की बाकीच्या रंगाचं कौतुक करायच्या. नफीसा आणि मी पदर उलटा करून मागची बाजू पाहायचो. त्यावरून आमची खूप थट्टा व्हायची आणि ती आम्हाला आवडायची.

रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो हे मला तिच्यामुळे कळलं. आमचे सण ऋतूला बांधलेले. दिवाळीला थंडी, होळीला पळस. तिचा महिना सगळ्या ऋतूंतून फिरत राहतो. अठ्ठावीस वर्षांत मी तिचा रोजा डिसेंबरच्या गारठ्यात पाहिला, पावसाळ्यात पाहिला, आणि जूनच्या त्या दिवसांत पाहिला जेव्हा नागपुरात पाऊस येतो येतो म्हणतो आणि येत नाही. मी एकदा तिला म्हटलं, "तुमच्यावाल्यांनी एकदाचा हिवाळाच काहून नाही ठरवून घेतला?" ती हसली. "मग जिथं आपल्या हिवाळ्यात उन्हाळा राहते, त्या लोकांनी काय करायचं? असा फिरता ठेवला म्हणजे सगळ्यांच्या वाट्याले सोपाही येते अन् कठीणही येते. इन्साफ आहे ना वं त्यात." मला ते फार पटलं होतं. मी ते पुढे वर्गातही सांगितलं, कोणाचं आहे हे न सांगता.

तोपर्यंत माझ्या मते त्यांचा धर्म म्हणजे रोजा, ईद, आणि ईदला येणारा शीरखुर्म्याचा डबा. नफीसाच्या शेजारी बसून लक्षात आलं की त्यातला मोठा भाग हजेरीपट नीट ठेवण्याविषयी आहे. हे मी थट्टेने म्हणत नाही. दुपारच्या नमाजाआधी ती शाळेच्या नळावर हात-तोंड-पाय धुवून वजू करायची, तर एका लहान मगात. नळ सोडून द्यायची नाही. "नदीच्या काठी बसलं तरी जास्तीचं पाणी सांडायचं नाही, असं शिकवलं आहे आम्हाले," ती म्हणायची. शाळेचा खडू चुकून पर्समध्ये गेला तर दुसऱ्या दिवशी तो अर्धा तुकडा परत खोक्यात पडायचा. अमानत, म्हणजे विश्वासाने सोपवलेली ठेव, हा शब्द तिच्या तोंडी सारखा असे. परीक्षा विभागाच्या कपाटाची किल्ली अमानत, मुलीने विश्वासाने सांगितलेली घरची गोष्ट अमानत, आणि पद तर सगळ्यात मोठी अमानत. जो मागतो त्याला पद देऊ नये, असं तिच्या धर्मात सांगितलं होतं. ज्याच्या हाताखाली चार माणसं आहेत त्याला, मेंढपाळाला कळपाविषयी विचारतात तसं, त्यांच्याविषयी विचारलं जाणार, मग तो राजा असो की वर्गाची मॉनिटर. मी हे ऐकून म्हणाले होते, "मग तं आपल्या शिक्षण खात्यात एकही जागा भरली जाणार नाही." यावर ती इतकी हसली की तिला ठसका लागला.

एकच बाबतीत ती स्टाफरूममध्ये अडचणीची होती. कोणाची पाठीमागे चर्चा सुरू झाली की ती वह्यांचा गठ्ठा उचलून बाहेरच्या बाकावर जाऊन बसायची. तोंडाने काही बोलायची नाही. पाठीमागे बोलण्याला तिच्या धर्मात दिलेली उपमा, मेलेल्या भावाचं मांस खाण्याची, इतकी किळसवाणी आहे की ती मी डबा खाताना तरी आठवत नाही. तिच्या जाण्याने आम्ही वरमायचो आणि तिच्या पाठीमागे तिच्याविषयीच बोलायला लागायचो.

आता चार वर्षांपूर्वीचा तो एप्रिल. या वर्षीचा रमजान मार्चमध्येच संपेल, त्या वर्षी तो भर एप्रिलमध्ये होता. सकाळची शाळा. नऊ वाजताच खिडकीचे गज तापलेले, कूलरच्या ताट्यांवर पाणी टाकलं की वाळ्याचा वास यायचा आणि दहा मिनिटांत विरून जायचा. वार्षिक परीक्षेचे पेपर तपासून झाले होते, याद्या लिहिणं चालू होतं. नफीसा परीक्षा विभाग बघायची. माझं नाव पर्यवेक्षिकेसाठी पक्कं झाल्यासारखं होतं, आणि खरं सांगायचं तर मी ते पद मागितलं होतं, एकदा नाही, तीनदा.

नववीत एक मुलगी होती. तिचं नाव इथे नको. तिचा बाप वर्गाच्या दारात येऊन मला सांगून गेला होता की यंदा परीक्षेत पोरगी गचकली तर शाळा बंद, बुटीबोरीला तिच्या मामाकडे स्थळ आहे. मराठीत तिला ऐंशीपैकी एकवीस मिळाले. पास व्हायला अठ्ठावीस लागत होते. मी यादीत एकवीस लिहिलं, थोडा वेळ त्याकडे पाहिलं, ते खोडलं आणि अठ्ठावीस लिहिलं. त्या क्षणी मला मी फार मोठ्या मनाची वाटले. कोणाला विचारावं, काही मार्ग आहे का ते बघावं, हे डोक्यातही आलं नाही. स्वतःच्या दयेवर मी इतकी खूश होते.

दुसऱ्या दिवशी मीटिंग झाली. मुख्याध्यापिका बाईंनी यादी आणि पेपर शेजारी शेजारी ठेवले आणि विचारलं, "पेपरात एकवीस आहेत, यादीत अठ्ठावीस. काय भानगड आहे ही?"

मी म्हणाले, "उतरवताना चूक झाली, मॅडम. घाईत."

त्यांना बरंच वाटलं. प्रकरण मिटवायला त्याही तयार होत्या. त्या नफीसाकडे वळल्या, "तुम्हालाही तसंच वाटतं ना? तशी नोंद करून टाकू."

नफीसा यादीकडे बघत होती. मला वाटलं ती मान हलवेल. इतक्या वर्षांत मी तिच्याकडे काही मागितलं नव्हतं, आणि तेव्हा टेबलाखालून माझा गुडघा तिच्या गुडघ्याला लागलेला होता. ती म्हणाली, "नाही मॅडम. चुकीनं उतरवलेलं नाही ते. आधी एकवीसच लिहिलं होतं, मग खोडलं आहे."

बारा जणी होत्या खोलीत.

पुढे काय व्हायचं ते झालं. मला मेमो मिळाला, पर्यवेक्षिकेच्या यादीतून नाव गेलं. मी मे महिन्यात रागारागाने उमरेडला मावशीकडे जाऊन बसले. त्या मुलीला जूनमध्ये पुन्हा परीक्षा देता येते, असा नियमच होता, तो मी विसरले होते. नफीसाने मुलीच्या बापाला बोलावून ते समजावलं आणि महिनाभर मुलीला घरी बोलावून तयारी करून घेतली. मराठीची तयारी. गणिताच्या बाईने. मुलगी पास झाली, खरेच गुण मिळवून. मला हे जुलैत कळलं आणि राग कमी व्हायच्या ऐवजी वाढला. दुसऱ्याचं बरोबर असणं सहन करायला फार ताकद लागते, ती माझ्यात नव्हती.

पण त्याआधीचं एक राहिलं. ते लिहायला मी सकाळपासून टाळाटाळ केली, मधल्या काळात भांड्यांचं कपाटही आवरून झालं. मीटिंगच्याच दिवशी, लहान सुट्टीत, स्टाफरूमच्या खिडकीपाशी आम्ही चौघी बसलो होतो. मी, चित्रकलेच्या वानखेडेबाई, आणि आणखी दोघी. दाराकडे माझी पाठ होती. मी म्हणाले, "खुर्चीसाठी केलं तिनं. पण आपणच मूर्ख. त्यांच्यावर विसंबून राहू नये म्हणतात ते उगाच नाही."

त्यांच्यावर. मी तीस वर्षं व्याकरण शिकवलं. सर्वनाम, तृतीय पुरुष, अनेकवचन. आदरार्थी अनेकवचन नव्हतं ते. शेजारी बसून जिने माझ्या डब्यातली झुणका-भाकर खाल्ली, माझ्या आईच्या आजारपणात जी दवाखान्यात माझ्या जागी बसली, त्या एका नफीसाचं मी अनेकवचन केलं. असं करायला वेळ लागत नाही. शहरात, पेपरात, फोनवर ते अनेकवचन तयारच असतं, आपण फक्त आपलं माणूस त्यात टाकायचं.

चार दिवसांनी पर्यवेक्षिकेचं पद नफीसाला देऊ केलं. तिने नाही म्हटलं. "पदासाठी मी बोलले नव्हते," ती मुख्याध्यापिकांना म्हणाली, "आणि त्या बोलण्यातून येणारं पद मला नको." हे सगळ्यांसमोर झालं. म्हणजे मी खिडकीपाशी जे बोलले होते त्यातलं अर्धं तरी तिथल्या तिथे खोटं ठरलं होतं. तेव्हा मी जाऊन तिला सांगू शकले असते. मी शिक्षक पुस्तिका उघडून नियोजन लिहीत बसले.

त्यानंतरची दोन वर्षं आम्ही एकमेकींशी फार सभ्यपणे वागलो. गुड मॉर्निंग, हजेरीपट द्या, घ्या. ईदला तिचा डबा येत राहिला. रिकामा डबा परत करायचा नाही ही आमच्याकडची रीत, म्हणून मी त्यात चार संत्री घालून पाठवायचे. शीरखुर्मा मी शेजारी देऊन टाकायचे. चवही घेत नसे. निवृत्तीच्या समारंभात आम्हा दोघींना एकाच शालीच्या गठ्ठ्यातल्या दोन शाली मिळाल्या. आम्ही त्यांची मागची बाजू पाहिली नाही.

निवृत्तीनंतरच्या मे महिन्यात, नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते भाजून काढणारे नऊ दिवस, सुरू व्हायच्या दोन दिवस आधी, ती माझ्याकडे आली. दुपारचे चार वाजले असतील. भावाने स्कूटरवरून सोडलं होतं. चेहरा उन्हाने लाल झालेला. मी कूलरसमोर खुर्ची दिली, पन्हं केलं. ती ग्लास हातात धरून म्हणाली, "हजले जाऊन राहिली, शालू. भाऊ-भावजयीसोबत."

मी अभिनंदन केलं. अभिनंदनच म्हटलं, तो शब्द मला आजही लाजवतो.

ती म्हणाली, "जायच्या आधी ज्याचं मन दुखवलं त्याच्या दारी जाऊन माफी मागावी लागते. अल्लाहपाशी जे चुकलं त्याची माफी त्याले मागता येते. माणसापाशी चुकलं ते त्या माणसानंच माफ करावं लागते. तिथं तोही मधात पडत नाही." तयारी करून आली होती हे दिसत होतं. "त्या दिवशी मी खरं बोलली, त्याची माफी मी मागत नाही. परत विचारलं तरी तेच सांगीन. आपल्या माणसाच्या विरुद्ध जात असलं तरी गवाही खरीच द्यायची असते. पण ती यादी मी आदल्या दिवशीच पाहिली होती. तेव्हाच तुझ्या घरी येऊन तुले एकटीले सांगायला पायजे होतं. तू स्वतःहून सावरलं असतं. मी तुझं झाकलं नाही, चार लोकांत उघडं पडू दिलं. तेवढ्याची माफी दे मले."

किती नेमकं होतं ते. दुखवण्यातलं जेवढं तिचं, तेवढंच तिने वेगळं काढून आणलं होतं. मी तर सगळ्याचा एक गोळा करून तीन वर्षं छातीशी धरून बसले होते.

आणि मी म्हणाले, "अवं, त्यात माफ करण्यासारखं काय आहे? पन्हं घे, गरम होऊन राहिलं."

आपण सगळे असंच म्हणतो. कोणी माफी मागितली की आपल्याला अवघडल्यासारखं होतं, आणि आपण त्याची माफी मागण्याची गरजच पुसून टाकतो. आपल्याकडे त्याला मोठं मन म्हणतात. दहावीच्या पेपरात वाक्यरूपांतराचा प्रश्न असतो, प्रश्नार्थी वाक्याचं विधानार्थी करा, अर्थ बदलू देऊ नका. 'त्यात माफ करण्यासारखं काय आहे?' याचं उत्तर 'त्यात माफ करण्यासारखं काही नाही.' हे उत्तर पूर्ण गुणांचं आहे. पण त्यात 'माफ केलं' कुठेच येत नाही. ती दोन शब्द घ्यायला भर उन्हात आली होती आणि मी तिला एक वाक्य दिलं, ज्यात ते नव्हते.

ती म्हणाली, "तरी पण. एकदा म्हण ना."

"असं काय वं परक्यासारखं," मी म्हणाले.

मला कळत नव्हतं असं नाही. खोटं बोलण्यात आता काय अर्थ आहे. तिला नेमकं काय हवंय ते मला त्या दुपारी अगदी स्वच्छ कळलं होतं, आणि मनात आलं होतं, राहू दे थोडं टोचत. परत आल्यावर देऊ. माझ्याजवळही तिला हवं असलेलं काहीतरी आहे, ही भावना मला सोडवत नव्हती. माझा तो हलकेपणा सभ्यतेच्या कपड्यात इतका नीट बसला की बघणाऱ्याला मी प्रेमळच दिसले असेन.

ती लगेच उठली नाही. ग्लास संपवून खाली ठेवला. "तुलेही काही बोलायचं असन तं बोल," ती म्हणाली. "आज मी ऐकायलेच निघाली आहे."

मी विचारलं, "अजून थोडं पन्हं देऊ का?"

ती गेली. तिकडून तिचा एकदा फोन आला, आवाज तुटक येत होता. तुझं नाव घेऊन दुआ केली, एवढं कळलं. हजचे दिवस पार पडल्यानंतर तिला ताप आला, तिसऱ्या दिवशी ती गेली. तिथेच दफन केलं. तिच्या मुलीने, सनाने, मला सकाळी फोन करून सांगितलं, आणि रडत रडतच म्हणाली की तिथली माती मिळायला नशीब लागतं. लागत असेल. माझ्या वाट्याला मात्र इथे जाऊन उभं राहायला जागाही उरली नाही.

त्या आठवड्यात मी मोमिनपुऱ्यात गेले. सनाने मला आतल्या खोलीत बसवलं. ती मला लहानपणापासून मौशी म्हणते. इकडचं तिकडचं झाल्यावर ती म्हणाली, "अम्मी तुमच्याकडून आली तेव्हा लई खूश होती. म्हणे, शालूनं माफ केलं. मी विचारलं, तसं म्हटलं का त्यांनी? तं म्हणे, तोंडानं नाही म्हटलं, मराठी लोकं म्हणत नाही, लाजतात. पण केलं तिनं."

दुसऱ्याविषयी चांगलाच अंदाज बांधावा, ही तिच्या धर्माची शिकवण. आपल्या माणसाच्या वागण्याला सत्तर तऱ्हेने चांगलं कारण शोधावं, असं ती म्हणायची. माझ्यासाठी तिने एक्काहत्तरावंही शोधलं. माझ्या वाक्यातून जे शब्द मी गाळले होते ते तिने स्वतःच भरून घेतले आणि तेवढ्यावर विमानात बसली.

मला ते सहन झालं नाही. मी सनाला सगळं सांगितलं. मी माफ केलं नव्हतं, हे सांगितलं. आणि खिडकीपाशी काय बोलले होते तेही. सना माझ्याकडे बघतही नव्हती. मी म्हणाले, "तू तरी मले माफ कर, बेटा."

"मी कशी करू, मौशी," ती म्हणाली. रागाने नाही म्हणाली. "माझ्यापुरतं मी करीन. पण ते अम्मीचं होतं. ते मले देता येत नाही." मग थोड्या वेळाने, मला दारापर्यंत सोडताना, "अम्मी सांगायची, ज्याची बदनामी केली तो माणूस राहिला नाही, तं त्याच्यासाठी दुआ करायची. अन् जिथं बसून, ज्या लोकांत वाईट बोललो, तिथंच त्या लोकांत जाऊन चांगलं बोलायचं. अम्मीले नक्की माहीत होतं की नाही तुम्ही काय बोलल्या ते, मले माहीत नाही. तिनं कधी सांगितलं नाही."

तेवढ्या शेवटच्या गोष्टीला मी धरून राहिले. तिने ऐकलं नव्हतं. ऐकलं असतं तर ती अशी आली असती का, माझ्या दारी, माफी मागायला? ज्याने आपल्याला असं म्हटलं त्याच्याकडे कोणी जातं का? मी हा युक्तिवाद पावसाळाभर केला, हिवाळाभर केला. तिला ठाऊक नसेल तर माझं पाप निदान माझ्यापाशीच राहिलं, तिच्या अंगाला लागलं नाही.

सनाने सांगितलेलं मात्र मी केलं नाही. दुआ कशी करतात हे मला माहीत नाही, माझ्या पद्धतीने हात जोडले. दुसरा भाग मी टाळत राहिले. स्टाफरूममध्ये आता कॉम्प्युटर बसवले आहेत, खिडकी बंद करून एसी लावला आहे. त्या तिघींपैकी एक मुलाकडे पुण्याला गेली, एक मागच्या वर्षी वारली. उरल्या एकट्या वानखेडेबाई, जरीपटक्याला राहतात. तिथे जायला मला ऑटोने अर्धा तासही लागत नाही, आणि मी आठ महिने लावले. परवा ती बाटली पुन्हा बंद झालेली पाहिली, आणि काल सकाळी गेले.

वानखेडेबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालंय. काळा चष्मा लावून बसल्या होत्या, भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्धाच्या फोटोखाली नातवाने काढलेली चित्रं चिकटवलेली. मला बघून, म्हणजे आवाज ऐकून, त्यांना आनंद झाला. वयाने त्या माझ्याहून मोठ्या, मला एकेरीच बोलतात. मी चहा नको म्हटलं आणि जे करायला आले होते ते केलं. आधी त्या दिवशी मी बोललेलं वाक्य जसंच्या तसं पुन्हा बोलले, सर्वनामासकट. मग म्हणाले की ते खोटं होतं. मग नफीसाविषयी चांगलं बोलायला लागले. मगातली वजू, अर्धा खडू, माझ्या आईपाशी दवाखान्यात बसलेली नफीसा, जूनमध्ये पास झालेली ती मुलगी. बोलता बोलता लक्षात आलं की मला थांबता येत नाही आहे. वानखेडेबाई मान हलवत ऐकत होत्या.

"मले ते शब्द काही आठवत नाही, शालू," त्या शेवटी म्हणाल्या. "बोलली असशील. तिथं बसून कोण काय नाही बोललं."

मला हलकं वाटायला लागलं होतं. मी विचारलं, "म्हणजे त्या दिवसाचं तुम्हाले काहीच आठवत नाही?"

"तसं नाही. चपराशीबाई सुट्टीवर होती, अन् नफीसानं सगळ्यांसाठी चहा टाकला होता. रोजा असून. तू बोलून राहिली होती तेव्हा ती ट्रे घेऊन तुझ्या मागं दारातच उभी होती. मी तुले डोळ्यानं खुणावलं, पण तू पाहिलं नाही."

वानखेडेबाईंना माझा चेहरा दिसत नव्हता. त्या आपल्या आठवत आठवत पुढे सांगत होत्या.

"मग ती आत आली, सगळ्यांले कप दिले. तुलेही दिला. तू एक घोट घेतला अन् म्हटलं, साखर कमी आहे. आता रोजा होता तिचा, ती चाखून कशी पाहणार. काही बोलली नाही बिचारी. परत गेली, अन् तुझ्यासाठी साखर घेऊन आली."